साउथवार्कच्या सराया आणि पिंपातली बिअर

लंडन ब्रिज स्टेशनातून साउथवार्क या थेम्सच्या दक्षिण काठावरच्या भागातल्या बरो हाय स्ट्रीटवर यायचं आणि दक्षिणेकडे चालू लागायचं. डाव्या हाताला एकामागून एक बोळ लागतात: किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, जॉर्ज इन यार्ड, टॅलबॉट यार्ड. एकेक बोळ म्हणजे एकेका जुन्या सराईचं अंगण. 1750 मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल झाला, तोवर शहरात शिरायला जवळचा असा लंडन ब्रिज हाच एक पूल होता आणि रात्री त्याचे दरवाजे लागायचे. मग दक्षिणेकडून आलेली माणसं, घोडे, माल, सगळ्यांचा मुक्काम इथेच.

या सगळ्यांत उभी राहिली आहे ती एकटी ‘जॉर्ज’. 1676 च्या आगीनंतर 1677 मध्ये ती नव्याने बांधली. अंगणाच्या इतर बाजू 1889 मध्ये रेल्वे कंपनीने पाडल्या. उरली ती दक्षिणेची बाजू, वरच्या मजल्यांच्या लाकडी सज्ज्यांसह. आत शिरल्यावर छत किती खाली आहे ते आधी डोक्यालाच कळतं.

सराई, टॅव्हर्न आणि एलहाउस ही तीन वेगळी दुकानं होती. सराईत खाट आणि तबेला, टॅव्हर्नमध्ये वाइन, तर एल, म्हणजे जुन्या पद्धतीची बिअर, विकणारं एलहाउस म्हणजे बहुतेकदा कुणाच्या तरी घराची पुढची खोली. इंग्लंडमधल्या 1577 च्या मोजणीत, तीही अपुरी, सुमारे 14,000 एलहाउस भरली. सराया त्या मानाने मोजक्याच, आणि टॅव्हर्न त्याहून कमी.

इतकी एलहाउस का? कारण एल टिकत नसे. बार्ली भिजवून मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात कालवून गोड पाणी गाळून घ्यायचं आणि आंबवायचं. हे काम बहुतेक बायकाच करत. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवट चव देणारी आणि ती टिकवणारी एका वेलीची फुलं, नसल्यामुळे ही एल काही दिवसांतच आंबट व्हायची. म्हणून घाणा तयार झाला की दाराबाहेर काठीला झुडूप बांधायचं आणि संपेपर्यंत विकायचं. भरडलेलं धान्य टाकून देत नसत. त्यावर पुन्हा पाणी ओतून हलकी ‘स्मॉल बिअर’ काढत, ती घरातली पोरंही पीत.

पंधराव्या शतकात नेदरलँड्सकडून हॉप्सची बिअर रुळली आणि हिशेबच बदलला. 1574 च्या एका पुस्तिकेत म्हटलंय, एका बुशेल (धान्याचं जुनं माप) माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीत, एल निघते 8-9 गॅलन, बिअर मात्र 18-20. एल टिकवायची तर ती कडक करावी लागे. हॉप्स ते काम स्वतः करतात, त्यामुळे पातळ बिअरही टिकते. टिकणारा माल साठवता येतो, लांब पाठवता येतो. घरगुती एलवाली मागे पडली आणि मोठे कारखाने आले ते यामुळे. लंडनच्या आग्नेयेकडच्या केंट परगण्यातल्या हॉप्सचा बाजार याच भागात भरे; साउथवार्क स्ट्रीटवरची 1867 ची हॉप एक्स्चेंज इमारत पाहून घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व लंडनमधल्या बो इथल्या हॉजसनची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-मद्रासला येऊ लागली, तीही हॉप्सच्याच जोरावर.

आता ‘जॉर्ज’मध्ये काय मागवायचं? हँडपंपाची बिअर. तिचं पिंप तळघरात 11 ते 13 अंशांवर आडवं ठेवतात आणि त्यात यीस्ट अजून जिवंत असतं. वरच्या बुचात आधी सच्छिद्र खुंटी ठोकतात, म्हणजे जादा वायू निघून जातो. तो जोर ओसरला की घट्ट खुंटी. गाळ बसायला साधारण एक दिवस लागतो. पिंप हललं तर पेला गढूळ येतो. तोटी चालू झाली की आत हवा शिरते, म्हणून तीन दिवसांत पिंप संपलं पाहिजे. नाहीतर बिअर आधी मवाळ पडते, मग व्हिनेगरवर जाते. गाळ बसवायला बऱ्याचदा माशाच्या फुग्याचं आयसिंग्लास वापरतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं.

पब उघडल्या उघडल्या पहिला पेला घेऊ नये. रात्रभर नळीत उभी राहिलेली बिअर आधी ओतून टाकावी लागते, आणि घाईत कुणी ती तशीच वाढतं. मागणी काउंटरवरच द्यायची, टेबलापाशी कुणी येत नाही. 568 मिलिलिटरचा पाइंट जास्त वाटला तर अर्धा मागा. आंबट लागली तर तोंड वाकडं करत पिऊ नका, काउंटरवर परत द्या. चांगल्या ठिकाणी वाद न घालता बदलून देतात.