लॅपटॉपचं रिझोल्यूशन ठरवताना मराठी वाचून बघा

नवीन लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की प्रोसेसर कुठला, रॅम आठ घेऊ की सोळा, एसएसडी किती जीबीची, हे सगळं सगळे विचारतात आणि स्क्रीनचं नाव काढलं की "फुल एचडी आहे ना, मग बास" एवढ्यावर विषय मिटतो. मला हे अजिबात पटत नाही. प्रोसेसर आपल्याला दिसत नाही, स्क्रीन दिवसभर डोळ्यांसमोर असते. माझं काम मराठी मजकूर तपासायचं, प्रुफं, दिवाळी अंकांचे लेख, कधी शाळेच्या स्मरणिका, त्यामुळे बारीक अक्षर स्क्रीनवर कसं दिसतं हा माझ्यासाठी रोजच्या कामाचा प्रश्न आहे, आणि म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे रिव्ह्यू बघून रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवर आडवे आणि उभे किती पिक्सेल (बारीक ठिपके) असावेत ते, ठरवलं की ते बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांच्या हिशोबाने ठरतं, आणि देवनागरीला त्याहून जास्त पिक्सेल लागतात. "विद्यार्थ्यांना" हा आपला नेहमीचा शब्द घ्या. द ला य चिकटलेला, पुढे अर्ध्या थ ला परत य, त्याला काना, वर रफार आणि रफाराला खेटून अनुस्वार. विंडोजमध्ये १००% स्केलिंगवर, म्हणजे स्क्रीनवरचं काहीच मोठं न करता, १२ पॉइंटचं अक्षर साधारण १६ पिक्सेलच्या मापात काढलं जातं, त्यात शिरोरेषा, अक्षराचं अंग, वरच्या मात्रा नि खालचे उकार सगळं बसवायचं, मग रफार आणि अनुस्वार यांच्या वाट्याला येणार दोन-तीन पिक्सेल. कमी रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर तिथे एक काळा ठिपका दिसतो आणि अनुस्वार आहे की राहिलाय हे कळायला फाइल झूम करावी लागते. "त्यानी" आणि "त्यांनी", घ आणि ध, भ आणि म, द्य आणि द्ध, सगळीकडे हीच गत. प्रुफं तपासणाऱ्यांचंच कशाला, ऑनलाइन सातबारा वाचणाऱ्यालाही हाच त्रास होतो, त्यात नावं आणि गट नंबर किती बारीक असतात ते ज्याने वाचलेत त्याला माहितीये.

आता आकडे. नुसतं फुल एचडी किंवा १९२०×१०८० म्हणून काही कळत नाही, ते किती इंचात बसवलंय ते बघायला लागतं, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल येतात, ज्याला पीपीआय म्हणतात. १५.६ इंचाच्या जुन्या स्वस्त लॅपटॉपवर १३६६×७६८ असायचं, त्याचा पीपीआय येतो साधारण १००. त्याच मापात फुल एचडी घेतलं तर १४१, १४ इंचात फुल एचडी १५७, १४ इंचात १९२०×१२०० म्हणजे १६२, आणि १४ इंचात २५६०×१६०० घेतलं तर थेट २१६. डोळ्याचा नंबर नसेल किंवा चष्मा बरोबर असेल तर माणसाला साधारण एक आर्कमिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा दिसतो असं धरतात, लॅपटॉप पन्नास सेंटिमीटरवर ठेवला तर ते होतं जवळपास ०.१४५ मिलिमीटर, म्हणजे १७५ पीपीआयच्या आसपास. त्यामुळे १०० पीपीआयवर अक्षराच्या कडा खडबडीत दिसतात, १४१ ते १६० वर काम व्यवस्थित चालतं पण जोडाक्षरं अगदी टोकदार दिसत नाहीत, आणि २०० च्या वर गेलं की छापलेल्या पानासारखं वाटायला लागतं. हा फरक कागदावर छोटा वाटतो पण संध्याकाळी पाच वाजता डोळ्यांना चांगला जाणवतो.

मावशीला लॅपटॉप घ्यायचा होता तेव्हा ती म्हणाली, "अगं पण तो मोठा आकडा घेतला की अक्षर बारीक होतं म्हणे, मला आधीच चाळिशीचा चष्मा आहे, नको बाई." ही भीती खूप जणांना असते आणि ती उगाच आलेली नाही, पूर्वी विंडोजमध्ये स्केलिंग धड चालायचं नाही तेव्हा खरंच तसं व्हायचं. मी तिला म्हटलं, मावशी, अक्षर किती मोठं दिसावं ते स्केलिंग ठरवतं, आणि ते किती स्वच्छ दिसावं ते रिझोल्यूशन ठरवतं, तू मोठा आकडा घे आणि अक्षर हवं तेवढं मोठं कर. १४ इंचावर १९२०×१२०० ला १५०% स्केलिंग ठेवलं तर स्क्रीनवर १२८०×८०० एवढाच मजकूर मावतो, २५६०×१६०० ला २००% ठेवलं तरी तेवढाच मावतो, अक्षराचं मापही तेच, पण दुसऱ्यात तेच अक्षर काढायला पावणेदोन पट पिक्सेल मिळतात. आणि २००% सारखं पूर्ण पटीतलं स्केलिंग असलं की बारीक रेषा सगळीकडे सारख्या जाडीच्या येतात. १२५ किंवा १५०% वरही बहुतेक नवीन सॉफ्टवेअर नीटच दिसतात, पण पूर्ण पटीची गोष्टच वेगळी.

एक मात्र कृपया करू नका, अक्षर मोठं करायचं म्हणून डिस्प्ले सेटिंगमधून रिझोल्यूशनच कमी करू नका. खूप घरांत, ऑफिसांत असं करून ठेवलेलं मी बघते. एलसीडीचे पिक्सेल ठरलेले असतात, १९२० पिक्सेलच्या पॅनलवर १३६६ निवडलं तर एक पिक्सेल साधारण १.४ पिक्सेलवर पसरावा लागतो, अर्धवट पिक्सेल तर पेटत नाही, मग शेजारचा राखाडी करून वेळ मारून नेली जाते आणि सगळं पान धुरकट दिसतं. रिझोल्यूशन जिथे "रेकमेंडेड" लिहिलंय तिथेच ठेवायचं आणि त्याच पानावरचं स्केल वाढवायचं. विंडोज ११ मध्ये ॲक्सेसिबिलिटीत टेक्स्ट साइजचा स्लायडर आहे, त्याने विंडोजची फक्त अक्षरं मोठी होतात, बाकी खिडक्या, आयकॉन तसेच राहतात, घरातल्या मोठ्यांसाठी हे फार उपयोगाचं आहे. एखादं जुनं सॉफ्टवेअर स्केलिंगमुळे धूसर दिसत असेल तर त्याच्या एक्झी फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, तिथे खालच्या ओव्हरराइडला टिक करून "सिस्टिम एनहान्स्ड" लावून बघा, बऱ्याचदा सुधारतं.

मग घ्यायचं काय? माझं मत असं की १३६६×७६८ आता कितीही स्वस्त मिळत असलं तरी घेऊ नये, सेकंडहँड असलं तरी. रोजच्या साध्या कामाला, म्हणजे वर्ड, एक्सेल, ब्राउझर, व्हिडिओ कॉल, यासाठी १४ इंचात १९२०×१२०० आणि १२५% स्केलिंग ही बजेटमधली सगळ्यात समाधानाची जोडी आहे. १०८० ऐवजी १२०० का, तर उंची वाढते, एक्सेलची नेहमीची रो १०० टक्क्यांवर २० पिक्सेलची असते, म्हणजे १२० पिक्सेल जास्त मिळाले की सहा रो जास्त दिसतात, १२५% ला चारपाच. आणि पान वाचताना स्क्रोल कमी करावं लागतं, ज्यांना दिवसभर वाचायचंय त्यांनी १६:१० वाला, म्हणजे रुंदी १६ तर उंची १० अशा प्रमाणाचा, स्क्रीनच शोधावा. थोडे पैसे जास्त घालता येत असतील आणि मराठी भरपूर वाचत-लिहीत असाल तर १४ इंचात २५६०×१६०० किंवा २८८०×१८००. दुसऱ्याला २००% लावलं की १४४०×९०० एवढी जागा मिळते, मला तरी ही रचना सगळ्यात आवडते. मॅकबुक एअर घेणाऱ्यांना हा विचारच करावा लागत नाही, १३.६ इंचाचा स्क्रीन २५६०×१६६४ म्हणजे २२४ पीपीआयचा येतो.

फोरके, म्हणजे ३८४०×२१६०, मात्र १४-१५ इंचाच्या लॅपटॉपवर रोजच्या कामासाठी नको. फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, त्यामुळे बॅटरी जास्त खाते, आणि २८० पीपीआयच्या पुढचा बारकावा एवढ्या अंतरावरून आपल्याला दिसत नाही. फोटो-व्हिडिओचं काम करणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांना काय हवं ते त्यांना माहिती असतं.

अजून एक, रिझोल्यूशन चांगलं आणि पॅनल भंगार असं पण खूप मिळतं. एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन-तीन वेगवेगळी पॅनल विकली जातात, म्हणून नाव बघून नाही तर पूर्ण मॉडेल नंबर बघून घ्या, आयपीएस (बाजूने बघितलं तरी नीट दिसणारं पॅनल) आहे का, ब्राइटनेस निदान ३०० निट्स (उजेड मोजायचं एकक) आहे का ते विचारा. २५० निट्सवाला खिडकीशेजारी बसून वापरताना फिका पडतो, मग माणूस डोळे बारीक करून वाचतो आणि दोष देतो चष्म्याच्या नंबरला.

दुकानात जाताना, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं असो की तुमच्या गावातलं, पेनड्राइव्हवर स्वतःची एक मराठी पीडीएफ घेऊन जा. डेमोला लावलेले समुद्राचे आणि फुलांचे व्हिडिओ सगळ्याच स्क्रीनवर छान दिसतात. सेल्समनला सांगायचं, दादा, ते बंद करा आणि सेटिंग्जमधून डिस्प्ले उघडून द्या, स्केलिंग १२५, १५०, २०० करून बघायचं, घरी बसतो तेवढ्या अंतरावर बसायचं आणि दोन पानं सावकाश वाचायची. मान पुढे जायला लागली की समजायचं अक्षर लहान आहे, आणि स्केल वाढवल्यावर पानावर काहीच मावेनासं झालं तर १४ ऐवजी १६ इंच बघायचा. १६ इंचात १९२०×१२०० घेतलं तर पीपीआय परत १४१ वर येतो हे लक्षात ठेवा, तिथे २५६०×१६०० च बरं, १८९ मिळतो.

जुनाच लॅपटॉप अजून वर्षभर चालवायचा असेल तर स्टार्टमध्ये "ॲडजस्ट क्लिअरटाइप टेक्स्ट" (अक्षरांच्या कडा स्वच्छ करायची विंडोजची सोय) शोधून ते एकदा नीट करून घ्या, वर्डमध्ये मंगल फॉन्टऐवजी निर्मला यूआय किंवा मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता लावून बघा, मुक्ता गुगल फॉन्ट्सवर फुकट आहे, आणि ब्राउझरचं झूम ११० किंवा १२५ करून टाका.