माणूस पुसला की भोक पडतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी मी हसून चहा पुढे करतो. ‘जन्मभर चित्रकला शिकवलीत, आणि भिंतीवर माओची सरकारी जाहिरात?’

आहेच ती जाहिरात. 1 ऑक्टोबर 1949, बीजिंगच्या तिआनआनमेन दरवाजाच्या सज्जातून माओ प्रजासत्ताकाची घोषणा करतोय. डोंग शीवेन या चिनी चित्रकारानं 1953 मध्ये सरकारी काम म्हणूनच ते चित्र रंगवलं. पण तो लाल बघा की जरा! वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या बौद्ध गुहांमधल्या भित्तिचित्रांच्या नकला करत त्यानं तिथं मुक्काम ठोकला होता. हा सपाट, धीट रंग तिथला. समोरचा चौक मोकळा दिसावा म्हणून सज्जाचा एक खांब त्यानं सरळ गाळून टाकला.

आता तुम्ही चित्रातल्या गाओ गांग या नेत्याचं नाव काढणार. काढा. 1954 मध्ये गाओ मर्जीतून उतरला आणि त्याला पुसायचा हुकूम डोंगलाच आला. माणूस पुसला की भोक पडतं. त्यानं खालची गुलाबी शेवंती वाढवली, आकाश वाढवलं. त्यानं माओ मध्याकडे सरकल्यासारखा दिसू लागला, ते सावरायला शेजारी आणखी दोन मायक्रोफोन. पुढे सांस्कृतिक क्रांतीत लिऊ शाओची या नेत्याच्या जागी डोंग बीवू हा दुसरा नेता आला.

याला मी वर्गात ‘लाचार’ म्हणायचो. चांगलं ठणकावून.

मग आमच्या संस्थेत दोन गट पडले. सभागृहात संचालकांचं समूहचित्र मीच रंगवलेलं. भांडून बाहेर पडलेले एक गृहस्थ त्यात डावीकडून तिसरे. ‘मास्तर, तेवढं जरा बघा.’ संचालक एवढंच म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीत, दार लावून, मी त्या गृहस्थांच्या जागी समई रंगवली. पण त्यांचा हात शेजारच्याच्या खांद्यावर होता, तो ध्यानातच राहिला नाही. सुट्टी संपली तेव्हा त्या खांद्यावर चार बोटं तशीच. मुलांना दिसली. मी पुन्हा शिडी लावली, या वेळी सगळ्यांदेखत.

डोंगच्या डोक्यावर माओचं राज्य होतं. माझ्या डोक्यावर कोण होतं? निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, बस. ही तुलना मला शोभत नाही, हे कळतं. आणि म्हणून तो सुटतो असंही मी म्हणत नाही.

तो 1973 मध्ये कॅन्सरनं गेला. चित्रातल्या लिन बोछू या नेत्यालाही काढायचं ठरलं तेव्हा तो शेवटच्या आजारात होता. ते काम दुसऱ्यांनी नव्या प्रतीवर केलं. 1979 मध्ये त्या प्रतीत सगळे परत आले.

माझ्याकडचा छाप गाओ नसलेला आहे. दुसरा मिळतो, मुलीनं आणून देते म्हटलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.