हलक्या बाराला एवढी भीती कसली?

रिव्हॉल्व्हरची काडतुसं मी स्वतः पुन्हा भरतो, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. तुम्हीही तोच विचारलात: "नुसती कागदाला भोकं पाडायची, बारही हलका, मग एवढी काळजी कशाला?"

बार हलका असतो, म्हणूनच तर. माझं .३८ स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं, काळ्या दारूच्या हिशेबानं बेतलेलं. काळी दारू जागा खूप खाते, म्हणून पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, ऐसपैस. आजची धूरविरहित दारू हलक्या बाराला तीनेक ग्रेन पुरते, म्हणजे ग्रॅमचा जेमतेम पाचवा हिस्सा. पुंगळीच्या तळाशी चिमूटभर. चुकून दोनदा पडली तरी वर गोळी निमूट बसते, बाहेरून काही कळत नाही. उडवताना मात्र सिलिंडर, म्हणजे रिव्हॉल्व्हरचा काडतुसं ठेवायचा फिरता भाग, फुटू शकतो.

म्हणून माझ्याकडे पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात तोंड खाली करून उभ्या असतात. एक उचलायची, दारू घालायची, दुसऱ्या ठोकळ्यात सुलटी ठेवायची. पालथी पुंगळी भरलेली असूच शकत नाही. सगळ्या झाल्या की विजेरी घेऊन एकेकीत डोकवायचं, पातळी सारखी आहे ना बघायचं, मगच गोळ्या बसवायच्या. मध्येच फोन वाजला तर वाजू दे. टेबलावर दारूचा डबा एकच. वजनाचा आकडा दारू बनवणाऱ्याच्या तक्त्यातला. मित्रानं सांगितलेला, तोही 'अंदाजे', अजिबात नाही.

विजेरीची सवय लागण्याआधी एक पुंगळी माझ्या हातून कोरडीच राहिली होती. चाप ओढला, फट् असा मेलेला आवाज आला. झटका नाही, कागदावर भोक नाही. फुसका बार! एकट्या प्रायमरच्या, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या, जोरावर गोळी नळीत शिरून अडकली होती. सरावाच्या तालात बोट पुन्हा चापाकडे निघालंच होतं. ओढला असता तर मागची गोळी तिच्यावर आदळून नळी फुगली असती, कदाचित फाटलीही असती. नळी लक्ष्याकडेच धरून थोडा वेळ थांबलो, सिलिंडर रिकामा केला आणि मग पितळी सळईनं ती शिशाची गोळी हळूहळू ठोकत काढली. अर्धा तास गेला.

प्रायमर नीट खोल बसलाय ना, तेही बोटानं चाचपतो; वर राहिला तर सिलिंडर फिरताना अडतो. आणि उठल्यावर आधी साबणानं हात. शिसं पोटात जातं ते बोटांवाटेच.