शिल्पाच्या नावातली वेलांटी

सोलापूरकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून फोन आला, "मॅडम, ओपन सोर्सवर बोला, पोरांना जरा प्रेरणा मिळेल." ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि कुणीही सुधारणा सुचवू शकतं असं सॉफ्टवेअर. प्रेरणा देणं मला जमत नाही, पण हो म्हटलं. आधी अर्थातच कंपनीला विचारलं. नोकरीत लिहिलेला कोड कंपनीचा, असं कलम आमच्या नेमणूकपत्रात आहे, त्यामुळे बाहेरच्या प्रकल्पात एक ओळ घालायची तरी लेखी परवानगी लागते. मॅनेजर म्हणाले, "जा, फक्त ग्राहकांची नावं घेऊ नकोस."

हॉल भरला होता. (हजेरी लागणार होती, हे नंतर कळलं.) पहिलाच प्रश्न टी-शर्टचा. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या वार्षिक महोत्सवात ऑक्टोबरात चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या प्रकल्पात आपला बदल घ्या अशा विनंत्या, दिल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० साली लोकांनी त्यासाठी रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) एखादा शब्द घालून पुल रिक्वेस्टचा असा भडिमार केला, की आयोजकांना महोत्सव चालू असतानाच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाला भाग घ्यायचाय त्यानेच तसं जाहीर करायचं. २०२४च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेबसाइट बनवायच्या ओपन सोर्स प्रकल्पावरही तेच. एका शिकवणीच्या व्हिडिओत दाखवलं म्हणून आपल्याकडच्या मुलांनी तिथल्या रीडमीमध्ये स्वतःची नावं घालून पाठवली. हे सांगताना तिसऱ्या रांगेत खसखस पिकली आणि दोघांनी माना खाली घातल्या. मी पुढे सरकले. दोष त्यांचा कमी आणि "गिटहबवर हिरवे चौकोन दिसले पाहिजेत" (कोड ठेवायच्या या साइटवर काम केलेल्या दिवसाला हिरवा चौकोन उमटतो) असं सांगणाऱ्यांचा जास्त, असं माझं मत आहे.

मग प्रात्यक्षिक. गिट पुश केलं, म्हणजे माझा कोड गिटहबवर पाठवायला घेतला, आणि कर्सर नुसता लुकलुकत राहिला. कॉलेजच्या फायरवॉलने एसएसएचचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, पोर्ट २२ बंद ठेवलं होतं. गिटहब एसएसएच ४४३वरूनही घेतं, म्हणून मी कॉन्फिग फाइल उघडली. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, पण फुकट काम का करायचं?"

प्रश्न रास्त होता. मी एक्सझेडची गोष्ट सांगितली. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असलेली, फाइली आकसवणारी ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस मोकळ्या वेळात सांभाळत होता. मदतीला आलेल्या एकाने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग तिच्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि तो खणत गेला म्हणून ते उघडकीस आलं. "म्हणजे फुकट काम करू नका असंच ना?" पोरगा म्हणाला. सगळे हसले, मीही. खरं तर त्याचं म्हणणं मला पटतं. ज्या कंपन्या या कोडवर धंदा करतात त्यांनी पैसे द्यायला हवेत, आमच्याही.

एवढ्यात पुढच्या रांगेतल्या शिल्पाने मोबाइल पुढे केला. "मॅडम, हे कोण दुरुस्त करतं?" एका स्पर्धेचं पीडीएफ प्रमाणपत्र होतं. तिच्या नावातली वेलांटी श सोडून ल वर जाऊन बसलेली, आणि ल्प फुटून ल च्या पायाशी हलन्त लोंबत होता.

ठरवलेलं प्रात्यक्षिक मी तिथेच सोडून दिलं. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते. ती अक्षराच्या आधी काढणं आणि जोडाक्षर जुळवणं ही शेपिंगची पायरी, क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइडमध्ये हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी करते. पीडीएफ बनवणाऱ्या काही लायब्रऱ्या ही पायरीच गाळतात. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लायब्ररीचं नाव सापडलं. पाच ओळींचा कोड लिहिला, फक्त "शिल्पा" छापणारा, आणि पडद्यावर तीच मोडकी शिल्पा उमटली. हॉलमध्ये टाळ्या! बग दिसल्यावर टाळ्या पडलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

नवा इश्यू, म्हणजे लायब्ररीच्या पानावर तक्रार, टाकण्याआधी जुने शोधायला लावले. हिंदीबद्दलची एक जुनी तक्रार निघाली, नमुना न दिल्यामुळे बंद केलेली. शिल्पाला इंग्रजी चुकण्याची धास्ती होती. मी म्हटलं, निबंध लिहायचा नाहीये. आवृत्ती, फॉन्ट, कोड, काय दिसायला हवं, काय दिसतंय, आणि दोन चित्रं. तिने स्वतःच्याच खात्यावरून ते टाकलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. लायब्ररी सांभाळणाऱ्याला देवनागरी वाचता येत नव्हती. चित्रांमुळे पहिल्यांदा कळलं, असं त्याने लिहिलं आणि जुनी तक्रार पुन्हा उघडली. हार्फबझ ऐच्छिक म्हणून जोडायला तो तयार आहे, पण चाचण्यांसाठी शब्द हवेत. शिल्पाच्या वर्गाने रफार, ऱ्य, ज्ञ, क्ष असलेल्या शब्दांची यादी दिली. दुरुस्ती अजून झालेली नाही, काम मोठं आहे, आणि ते शिल्पाच्या नव्हे, सध्या माझ्या गळ्यात आहे. लेखी परवानगीसाठी अर्ज केलाय. तो विधी विभागाकडे आहे. एचआरने मात्र लगेच विचारलं, कॉलेजातून बायोडेटा किती आणले?