पाडव्याची वही

गुरुवार, 19 मार्च 2026
चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके 1948

आज बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या जुन्या घरी सगळे कुटुंब जमले. वडगावच्या मागावर विणलेली हिरवी साडी, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची माळ आणि वर आजीचा तांब्याचा गडू अशी गुढी सकाळीच उभी राहिली आणि प्रथेप्रमाणे आप्पांनी ओसरीवर बसून पंचांग वाचले. यंदाच्या संवत्सराचे नाव पराभव. साठ संवत्सरांचे चक्र पुरे होऊन ते पुन्हा आले आहे; यापूर्वी ते 1966 साली आले होते, आणि आमच्या घरातील संकल्पांच्या वहीचे पहिले पान त्याच वर्षीच्या पाडव्याचे आहे.

ते पान मी आज पुन्हा सावकाश वाचले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले होते, सीमावादासाठीचा महाजन आयोग 1966 च्याच ऑक्टोबरात नेमला जायचा होता, आणि सीमेचे काय होणार हीच चर्चा घरोघरी चालत असणार. अशा दिवसांत आजोबांनी दोनच ओळी लिहिल्या आहेत : मळ्यात विहीर पाडणे, आणि मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्वांना मॅट्रिकपर्यंत शिकविणे. दुसऱ्या ओळीसमोर निळ्या शाईत आजीचा अंगठा उमटलेला आहे. शाई जरा जास्त झाल्याने तो कडेने पसरला आहे, पण मधल्या रेषा अजून मोजता येतात. स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या आजीने त्या अंगठ्याच्या बळावर पुढे थोरल्या आत्याचे लग्न तिच्या परीक्षेपर्यंत थांबवून धरले, ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक मुलीला सांगितली जाते आणि ती सांगितली जावी असेच मला मनापासून वाटते.

तेव्हापासून नियम असा पडला की संकल्प मनात ठेवायचा नाही. कडुलिंबाची कोवळी पाने, गूळ, चिंच, ओवा, मिरे आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून केलेली गोळी हातात घ्यायची, सर्वांसमक्ष संकल्प बोलून दाखवायचा, गोळी खायची आणि मग वहीत लिहायचे. शेजारी साक्षीदाराचे नाव. साक्षीदाराने कर्नाटकी बेंदूर, दसरा आणि संक्रांत या तीन सणांना, जेवणे आटोपल्यावर, संकल्प कुठवर आला ते विचारायचे. रागवायचे नाही, फक्त विचारायचे. 31 डिसेंबरच्या रात्री कॅम्पात ओल्ड मॅनचा पुतळा जाळून सरत्या वर्षाला निरोप देण्याची बेळगावची रीत मला लहानपणापासून आवडते. परंतु त्या रात्री धरलेल्या संकल्पाची चौकशी करायला कोणी येत नाही, आणि माणसाचा निश्चय टिकतो तो बहुधा आपल्या माणसाच्या विचारण्यामुळेच, असे माझे ठाम मत झाले आहे.

यंदा माझ्या लेकीने आणि मी मिळून संकल्प लिहिले. ती इंग्रजी माध्यमात शिकते, शाळेत कन्नडही आहे. मराठी घरात अस्खलित बोलते, पण वाचताना जोडाक्षराला अडते. रात्री झोपण्यापूर्वी मराठीचे एक पान मोठ्याने वाचायचे आणि दिवाळीत खानापूरच्या आजीला स्वतःच्या हाताने पत्र लिहायचे, असे तिने ठरविले. माझा संकल्प कन्नड लिहिण्या-वाचण्याचा आहे. आमच्या जमिनीचा आरटीसी उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, कन्नडमध्ये येतो, तो आज घरात फक्त आप्पांनाच नीट वाचता येतो, आणि ज्या शिवारात आपले भात पिकते त्याचे कागद आपल्याला वाचता येऊ नयेत हे मला योग्य वाटत नाही. मराठीवरचे प्रेम त्याने तसूभरही उणे होणार नाही. साक्षीदार म्हणून तिचे नाव माझ्या ओळीपुढे आहे आणि माझे तिच्या.

दुपारी शेजारच्या काकू युगादीचे बेवु-बेल्ल, म्हणजे कडुलिंब आणि गूळ, घेऊन आल्या, आम्ही त्यांना पुरणपोळी आणि कटाची आमटी दिली. माझा संकल्प ऐकून त्या तिथेच बसल्या आणि लेकीच्या पाटीवर त्यांनी माझ्याकडून ‘अ’, ‘आ’ गिरवून घेतले.

आप्पांचा संकल्प संध्याकाळी देवळापर्यंत चालत जाण्याचा, आईचा बियाण्यासाठी राखलेले जुने भात यंदा वेगळ्या तुकड्यात पेरण्याचा. यंदा अधिक ज्येष्ठ असल्याने वर्ष तेरा महिन्यांचे आहे आणि बेंदूर जूनच्या अखेरीस जाईल. तोवर पेरण्या उरकलेल्या असतील, म्हणजे आईच्या संकल्पाचा हिशेब पहिला लागेल. लेकीने मात्र माझ्यासाठी बेंदराची वाट पाहायची नाही असे ठरविले आहे. येत्या रविवारी ती माझी बाराखडी घेणार आहे.