आमची वाटचाल: सीट कव्हरच्या शेडमधली बॉक्सिंग शाळा

भोसरी हे कुस्तीचं गाव. इथल्या घरांतून पोरगं आठ-दहा वर्षांचं झालं की तालमीत जातं, वस्तादांच्या पाया पडतं आणि लाल मातीत उतरतं. अशा गावात बॉक्सिंगची शाळा काढायची म्हटल्यावर घरच्यांना काळजी वाटणं साहजिक होतं. मी फौजेतून नुकताच निवृत्त झालो होतो, युनिटच्या संघातून अनेक वर्षं खेळलो होतो, आणि त्या खेळाशिवाय दुसरं काही मनापासून करावंसं वाटत नव्हतं. धाकट्या भावाचा एमआयडीसीत गाड्यांची सीट कव्हरं शिवण्याचा व्यवसाय होता. त्याच्या शेडचा मागचा अर्धा भाग रिकामा पडलेला. तिथेच 2009 मध्ये आमची सुरुवात झाली.

वेळ चांगली होती. 2008 च्या ऑगस्टमध्ये विजेंदर सिंगने बीजिंगला कांस्यपदक जिंकलं होतं. बॉक्सिंगमधलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यातही बॉक्सिंग होतं. टीव्हीवर पाहिलेला खेळ आपल्या शहरात आला, हे पोरांनी पाहिलं. पालक विचारायला येऊ लागले. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, आजही तोच असतो: "सर, डोक्याला मार लागणार नाही ना?" या प्रश्नाला खरं उत्तर देता येईल अशी शाळा चालवायची, हे आम्ही तेव्हाच ठरवलं. आमच्याकडे शिकवण्याचा जो क्रम आहे तो सगळा तिथून आला.

तो क्रम असा. नवीन आलेल्याला आम्ही सुरुवातीला हातात ग्लोव्ह देत नाही. फरशीवर चिकटपट्टीची रेघ आहे, तिच्या दोन बाजूंना दोन पाय. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा डावा पाय पुढे, उजवा मागे, मागची टाच जरा उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खाली, कोपरं बरगड्यांजवळ. पुढे जायचं तर पुढचा पाय आधी, मागे यायचं तर मागचा आधी, डावीकडे सरकताना डावा, उजवीकडे उजवा. पायावर पाय कधीही पडता कामा नये. त्या क्षणी साधा धक्का बसला तरी माणूस कोलमडतो. एवढंच करायचं, शिवाय दोरीवरच्या उड्या. उड्या मिनिटांत मोजत नाही, राउंडमध्ये मोजतो: तीन मिनिटं काम, एक मिनिट विश्रांती. रिंगमधला श्वास याच हिशोबाचा असतो, म्हणून शरीराला पहिल्या दिवसापासून तोच ठेका लागलेला बरा.

पुष्कळ जणांना हे कंटाळवाणं वाटतं, काही जण सोडूनही जातात. पण ठोसा पायातून निघतो, हे मी फौजेत शिकलो आणि तेच शिकवतो. उजव्या हाताचा सरळ ठोसा घ्या. मागच्या पायाचा चवडा जमिनीवर दाबून वळतो, टाच बाहेर फिरते, त्यापाठोपाठ कंबर, मग खांदा हनुवटीला येऊन टेकतो आणि सगळ्यात शेवटी मूठ. मूठ वाटेत सैल असते, लागण्याच्या क्षणी आवळते. लागायची ती तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर, मनगट सरळ रेषेत. करंगळीच्या बाजूने लागली तर तळहातातलं त्या बाजूचं हाड मोडतं. डॉक्टर त्याला बॉक्सर फ्रॅक्चरच म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा न शिकता भिंतीवर किंवा ठोसे मारायच्या टांगत्या बॅगेवर हात चालवणाऱ्यांना होतं. म्हणून हाताला पट्टी बांधणं हासुद्धा आमच्याकडे शिकवण्याचा विषय आहे. साडेचार मीटरची पट्टी, अंगठ्यात फास, मनगटाला वेढे, गाठींवर वेढे, बोटांच्या मधून, परत मनगटावर. आठवीतलं पोरगंही आपली पट्टी आपण बांधतं.

तालमीतून आलेल्या मुलांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमची निम्मी ओळख त्यांच्यामुळे झाली. त्यांची मान आणि मांड्या इतक्या तयार असतात की शहरातला मुलगा दोन वर्षं घाम गाळूनही तिथे पोचत नाही. पण कुस्तीत वजन पुढे झुकलेलं, हात खाली आणि डोकं समोरच्याच्या छातीला भिडलेलं असतं. बॉक्सिंगमध्ये तेच डोकं अपरकटच्या, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाच्या, वाटेत येतं. शिवाय जवळ गेलं की हात आपोआप पकड शोधतात, आणि धरून ठेवणं इथे फाउल आहे. या मुलांना आम्ही उभं राहायला नव्याने शिकवतो, मात्र त्यांच्या दंड-बैठका, दोर चढणं, मुद्गल फिरवणं यातलं काहीच बंद करत नाही. मुद्गलाने खांद्याला जी ताकद येते ती तिसऱ्या राउंडमध्ये हात वर ठेवायला कामी येते. गावातले एक जुने वस्ताद महिन्यातून एकदा येऊन मुलांकडून मानेचे व्यायाम करून घेतात. हा मोठेपणा त्यांचा, त्याबद्दल मी कायम ऋणी आहे.

आता बॅगेचं. सुरुवातीला बाहेरून मागवलेल्या बॅगा लवकर फाटायच्या. काहींत वाळू भरलेली असायची. ती हळूहळू तळाला बसते आणि खालचा भाग दगड होतो. पोटाचे ठोसे मारणाऱ्या मुलांची मनगटं दुखायला लागली, तेव्हा भावाने एक बॅग पूर्ण उसवली आणि म्हणाला, "दादा, हे आपण शिवू." सीटला लागतं तेच जाड रेक्झिन, नायलॉनचा दोरा, दुहेरी शिलाई, वर चार कड्या आणि साखळी. आत फक्त कपड्यांच्या कारखान्यातलं कातरण, थराथराने भरलेलं आणि प्रत्येक थर लाकडी दांड्याने ठासलेला. काही आठवडे वापर झाला की कापड दबतं, वर जागा होते. मग तोंड उघडून पुन्हा भरायचं. आमच्या बॅगेच्या तोंडाला झिप ठेवली ती यासाठीच. आज शाळेच्या भाड्यापैकी मोठा वाटा या बॅगांच्या विक्रीतून निघतो. ग्लोव्ह मात्र आम्ही शिवत नाही. ते काम मेरठ आणि जालंधरच्या कारागिरांचं, त्यातली पिढ्यांची समज आमच्याकडे नाही. आम्ही ते आणून विकतो आणि पावसाळ्यात कसे जपायचे ते सांगतो: वापरल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पिशवीत बंद करू नका, पंख्याखाली ठेवा. जुलैमध्ये दोन दिवस पिशवीत राहिलेल्या चामड्याच्या ग्लोव्हला बुरशी येतेच.

डिसेंबर 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केलं, आणि 2016 मध्ये बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडिया उभी राहीपर्यंत स्पर्धांचं गणित विस्कटलेलं होतं. सतरा-अठरा वर्षांच्या खेळाडूसाठी ही वर्षं परत येत नाहीत. आमची काही चांगली मुलं तेव्हा पोलीस भरतीकडे वळली, काही कंपनीत लागली. शाळा तगली ती कामगारांमुळे. पहिली पाळी करणारे संध्याकाळी, दुसऱ्या पाळीचे सकाळी, असे वर्ग आम्ही पाळीच्या भोंग्याप्रमाणे लावले. त्यांना स्पर्धा खेळायची नव्हती, पाठ मोकळी हवी होती, पोट कमी करायचं होतं. पण शिकवताना आम्ही त्यांच्यात आणि खेळाडूंत फरक केला नाही. तीच रेघ, तीच दोरी, तोच सावलीशी खेळ, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारणं. त्यांच्या फीवर वस्तीतल्या स्पर्धक मुलांचं शिक्षण मोफत चालतं, आणि हे त्यांना माहीत आहे.

त्याच काळात खेळही बदलला. आधी पंच बटण दाबून लागलेले ठोसे मोजायचे, त्यामुळे एक सुटा डावा ठोसा मारून मागे पळणारा जिंकायचा. 2013 पासून दहा गुणांची पद्धत आली: प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ किंवा कमी. त्याच वर्षी वरिष्ठ पुरुषांचं हेडगार्डही गेलं. मला हा बदल आवडला, कारण यात डोकं वापरणाऱ्याला वाव आहे. तीनच राउंड असतात. पहिला गमावला तर उरलेले दोन्ही घ्यावे लागतात, म्हणून "आधी अंदाज घेऊ" म्हणायला सवडच नाही. अंदाज पहिल्या अर्ध्या मिनिटात घ्यायचा, आणि तो हुलकावणीने. खांदा हलवा, हात सोडू नका, समोरचा काय करतो ते बघा. तो हात वर नेतो की मागे सरकतो, हे कळलं की पुढचा ठोसा कुठे जाणार ते ठरलं.

डावखुऱ्याशी खेळताना आपला पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेवायचा, मग आपला उजवा सरळ जातो आणि त्याचा डावा वाकडा होतो. पळणाऱ्याच्या मागे धावायचं नाही, त्याची वाट अडवायची: तो डावीकडे निघाला की आपण तिरकं पाऊल टाकून त्या बाजूचा दोर बंद करायचा. उंच खेळाडूसमोर डोकं शोधत बसू नका, बरगड्यांखाली उजव्या बाजूला यकृत असतं, तिथे डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, पोचला की सहा फुटी माणूसही वाकतो. हे सगळं मुलं पॅडवर, म्हणजे प्रशिक्षकाने हातात धरलेल्या गादीवर, शिकतात. मग समोरासमोर, पण तिथेही आधी एकाने फक्त डावा मारायचा आणि दुसऱ्याने फक्त वाचवायचा. बचाव पक्का झाल्याशिवाय मोकळी लढत नाही. आणि डोक्याला मार लागून लढत थांबली, तर किमान 30 दिवस ग्लोव्ह बंद. स्पर्धेचा नियमही तोच आहे. एकदा एका पालकांनी जिल्हा स्पर्धा जवळ आली म्हणून खूप आग्रह केला. मी मुलाला पाठवलं नाही. ते कुटुंब पुढे दुसरीकडे गेलं, त्याचं वाईट वाटलं, पण नियम बदलला नाही.

मार्च 2020 मध्ये शेडला कुलूप लागलं ते दसऱ्यालाच, 25 ऑक्टोबरला, सरकारने व्यायामशाळांना परवानगी दिल्यावर उघडलं. त्या महिन्यांत आम्ही मुलांना फोनवर सावलीशी खेळायला लावलं, आणि कॅमेरा पायांवर धरायला सांगितला. घरातल्या अरुंद खोलीत, पलंग आणि कपाटाच्या मध्ये, ज्यांचे पाय शिस्तीत राहिले ते परत आल्यावर पुढे गेलेले दिसले. घरी लावायच्या बॅगांच्या मागण्या वाढल्या, भावाच्या हाताखाली आणखी शिलाई कारागीर आले. स्लॅबला हुक लावताना खालच्या-वरच्या घरांना हादरे बसतात, म्हणून साखळीत स्प्रिंग टाकून द्यायला आम्ही तेव्हापासून सुरुवात केली.

मुलींचा वर्ग त्याआधीपासून होता, पण खरी गर्दी नंतर झाली. 2021 मध्ये नागपूरच्या अल्फिया पठाणने पोलंडमध्ये आणि 2022 मध्ये पुण्याच्या देविका घोरपडेने स्पेनमध्ये जागतिक युवा स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं. आपल्यासारख्याच घरातली, मराठी मुलुखातली मुलगी हे करते, हे पाहिल्यावर आया स्वतः मुलींना घेऊन आल्या. त्यांतल्या दोघी-तिघी आता स्वतःही सकाळी दोरी मारतात. मुलींच्या वर्गाला शिकवायला आमच्याच शाळेत वाढलेली प्रशिक्षक आहे, तिला पगार आहे, आणि तो वेळेवर जातो.

सध्या आम्ही पूर्ण मापाची रिंग बांधतो आहोत, दोरांच्या आत 6.10 मीटरची. आजवर छोट्या रिंगमध्ये सराव झाल्याने मुलं स्पर्धेत पळणाऱ्याला गाठताना कमी पडायची. लोखंडी सांगाडा शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यांनी केला आहे, फळ्या आल्या आहेत, कॅनव्हास भाऊ शिवतो आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी सुरुवातीला सुती पट्टी, दोरी आणि पातळ तळव्याचे बूट घेऊन यावं. ग्लोव्ह विकत घेण्याची घाई करू नये. कधी आणि किती औंस वजनाचे घ्यायचे ते आम्ही सांगू.