तुम्ही विचारलंत म्हणून: ग्लायडर सरळच का येतो?

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओन्टारियो या भागांत राहणारे आणि मासेमारीचा नाद असलेले मराठी लोक दोन प्रश्न जोडीनेच विचारतात. मस्कीसाठी (उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) ग्लाइड बेट कोणतं घ्यावं? आणि घेतलेलं बेट डावी-उजवीकडे घसरत येण्याऐवजी आमच्या हातात सरळच का येतं? आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. (बेट म्हणजे इथे नकली आमिष, पण बेट म्हटलं की मराठी कानाला पाण्यातली जमीन आठवते, म्हणून पुढे ग्लायडर म्हणतो. मस्कीवाल्यांच्या तोंडीही हा शब्द असतो.)

ग्लायडर म्हणजे साधारण 6 ते 10 इंच लांबीचा, बाजूंनी चपटा, लाकडी किंवा कडक प्लॅस्टिकचा मासा. पाणी कापायला त्याच्या तोंडाशी पट्टी नसते, त्यामुळे नुसता ओढला तर तो काठीच्या तुकड्यासारखा येतो. छोटा हिसका मिळाला आणि लगेच दोरा मोकळा झाला, की तो एका बाजूला घसरतो आणि त्याची अख्खी कूस दिसते. पुढच्या हिसक्याला दुसरीकडे. मस्की भक्ष्याला बहुधा आडवा पकडतो आणि मग डोक्याकडून गिळतो. त्यामुळे कूस दाखवत घसरणारा आणि टोकाला क्षणभर थांबणारा ग्लायडर त्याला नेमकी संधी देतो.

म्हणजे हिसका फक्त सुरुवात करून देतो, खरं काम ढील करते. पतंग उडवलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. उलट कोकणात गरी टाकून गरवायची सवय असेल तर ती इथे आड येते. तिथे दोरा ताठ ठेवून मासा टोचतोय का हे बोटावर ओळखायचं असतं. ग्लायडरचा दोरा ताठ राहिला की त्याचं नाक तुमच्याकडेच ओढलं जातं आणि तो सरळ येतो.

रॉडचं टोक पाण्याकडे खाली आणि ग्लायडरच्या रोखाने धरा. मनगटाने 15 ते 20 सेंटिमीटरचा हिसका द्या आणि टोक लगेच परत पुढे न्या. रिळाचा दांडा अर्धा ते एक फेरा फिरवून जादाचा दोरा तेवढा गोळा करा, ढील सगळी खाऊ नका. घसरण संपत आली की पुढचा हिसका. उन्हाळ्यात हा ठेका सलग चालतो. पाणी गार असेल तर प्रत्येक घसरणीनंतर दोन-तीन सेकंद थांबा. लांब फेकण्याआधी नावेजवळ, तीन मीटर दोऱ्यावर, डोळ्यांनी बघून हे शिका. दहा मिनिटं पुरतात, आणि ती दहा मिनिटं टाळणारेच पुढे नवनवे ग्लायडर विकत घेत बसतात.

ठेका बरोबर असूनही बिघडतं ते बहुतेक लीडरमुळे, म्हणजे मुख्य दोरा आणि ग्लायडर यांच्यामधल्या, दातांनी न तुटणाऱ्या तुकड्यामुळे. हिसका फार जोराचा असेल तर ग्लायडर गर्रकन फिरतो आणि हुक दोऱ्यात अडकतात. लीडर मऊ असेल तर हे वारंवार होतं, कारण ढील मिळाली की तो मागे दुमडून हुकांपर्यंत पोचतो. म्हणून 10 ते 12 इंचांची, एकाच जाड तारेची ताठ लीडर लावा. पिळाची लवचीक तार नको. फ्लुरोकार्बनच (पारदर्शक प्लॅस्टिकचा दोरा) वापरायचं तर 130 पौंडांच्या आसपासचं आणि आखूड घ्या. मात्र 6 इंची हलक्या ग्लायडरला फार जड तार लावली तर नाक खाली झुकतं. मुख्य दोरा 80 पौंडांचा ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, असावा. रॉड हेवी, टोक कडक, लांबी साडेसात फुटांच्या आसपास. बकटेलसाठी (फिरती पाती आणि केसांचा झुबका असलेलं आमिष) लोक नऊ फुटी रॉड घेतात तो इथे अडचणीचा, कारण खाली हिसका देताना टोक पाण्यावर आपटतं.

आडव्या वाऱ्यात दोऱ्याला मोठा बाक पडतो आणि हिसका त्या बाकातच जिरतो. अशा वेळी वाऱ्याच्या दिशेने फेका, टोक पाण्याला टेकवून ठेवा. ग्लायडर एकाच बाजूला जात असेल तर नाकावरची कडी वाकलेली असते. जिकडे तो जात नाही तिकडे ती पक्कडीने केसभर वळवा आणि परत तपासा. आणि हुकाला शेवाळाचा एक धागा जरी लटकला असेल तरी ती फेक वाया गेली असं समजा.

आता निवड. पहिला ग्लायडर म्हणून हेलहाउंड, फँटम किंवा मांता यांपैकी एक घ्या. हाताची चूक झाली तरी हे बऱ्यापैकी चालतात. रीफ हॉग हा जुना लाकडी नमुना बुडी मारून आडवातिडवा सरकतो. तो उत्तम आहे, पण पहिला म्हणून नको. पोलंडच्या साल्मो स्लायडरचे तरंगणारे आणि बुडणारे असे दोन प्रकार येतात, खोक्यावर बघून घ्या. मोसमाच्या सुरुवातीला 6 इंची, शरद ऋतूत 8 ते 10 इंची, हा ढोबळ हिशेब. नितळ पाण्यात सिस्को किंवा पर्च माशासारखे रंग, चहाच्या रंगाच्या पाण्यात केशरी, पोपटी किंवा काळा. रंगावर लोक वाद घालतात, माझ्या मते बुडण्याचा वेग त्याहून महत्त्वाचा आहे. पाणवनस्पतींचे शेंडे पृष्ठभागापासून पाच फुटांवर असतील तर ग्लायडर तीन-साडेतीन फुटांवर चालायला हवा. नावेशेजारी सोडा, तेवढं बुडायला किती सेकंद लागतात ते मोजा, आणि प्रत्येक फेकीला तेवढंच थांबून सुरुवात करा. वेग कमी पडला तर चिकटणारी शिशाची पट्टी पोटाखाली मध्यावर लावा, म्हणजे तो आडवाच बुडेल.

घनदाट पाणवनस्पतींत तो चालत नाही. वनस्पतींची बाहेरची कड आणि पाण्याखालचे खडकाळ उंचवटे या त्याच्या जागा. मोठा तलाव चाळायलाही तो नाही, ते काम बकटेलचं. बकटेलमागे मस्की आला आणि न खाता वळला, किंवा थंड हवा येऊन आभाळ निरभ्र झालं आणि मासे सुस्तावले, की त्याच जागी तासा-दोन तासांनी ग्लायडर घेऊन परत जा.

घास ढिल्या दोऱ्यावर येतो, म्हणून दणका बसेलच असं नाही. दोरा बाजूला सरकतो, किंवा पुढच्या हिसक्याला अचानक वजन लागतं. शंका आली की ढील गुंडाळत रॉड खालून आडवा, जोरात ओढा. वर उचलू नका. नावेजवळ प्रत्येक फेकीच्या शेवटी रॉडच्या टोकाने पाण्यात इंग्रजी आठाचा आकडा काढायचाच, मागे मासा दिसो न दिसो. टोक आणि लीडर यांच्यात फूट-दीड फूट दोरा ठेवा, टोक पाण्यात खुपसा आणि वळण मोठं घ्या. मस्की लांबलचक असतो, अरुंद वळणात त्याला वळता येत नाही. ढील देऊन घसरवणं इथे जमत नाही, सलग ओढ ठेवा.

आणि पहिली फेक टाकण्याआधी नावेत हे हवंच: रबराचा लेप असलेली मोठी जाळी, लांब चोचीची पक्कड, आणि जाड ट्रेबल (तीन टोकांचा) हुक एका दाबात तोडणारा कटर. ग्लायडरचे हुक कल्ल्यांपाशी रुतू शकतात. मासा जाळीत पण पाण्यातच ठेवा आणि हुक सहज निघत नसेल तर तोडा. फोटोसाठी काही सेकंद, दोन्ही हातांनी आडवा धरून. मिनेसोटाच्या बहुतेक अंतर्गत तलावांवर 54 इंचांखालचा मस्की ठेवता येत नाही, आणि त्यावरचाही बहुतेक जण सोडूनच देतात. पाण्याचं तापमान 80 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 27 सेल्सिअसच्या वर गेलं की मस्कीच्या मागे जाऊ नका. झुंजून दमलेला मासा पोहत गेल्यासारखा दिसतो आणि नंतर मरतो.

तोडलेल्या हुकाच्या जागी त्याच मापाचा आणि त्याच जाडीचा हुक लावा. एक माप मोठा लावला तरी बुडण्याचा वेग बदलतो, आणि मग पुन्हा नावेशेजारी सेकंद मोजावे लागतात.